डीजे कंट्रोलरवर लूप आणि स्क्रॅच : बऱ्याच महिन्यांच्या वापरानंतर

दोन डेकचा (एका वेळी दोन गाणी वाजवणारा) मध्यम आकाराचा कंट्रोलर आणि लॅपटॉपवरचं सॉफ्टवेअर, एवढाच माझा सेटअप. इथे फक्त लूप (गाण्याचा एक तुकडा पुन्हा पुन्हा फिरवणं) आणि स्क्रॅच (गाणं हाताने मागेपुढे करून आवाज काढणं) या दोन गोष्टींबद्दल लिहितोय, कारण रोज हात सगळ्यात जास्त तिथेच असतो. मत आधीच सांगून टाकतो: लूपसाठी घेत असाल तर बिनधास्त घ्या. स्क्रॅचसाठी घेत असाल तर सेटिंग्ज खोदायची तयारी ठेवा. खोक्यातून काढला आणि स्क्रॅच सुरू केला, असं होत नाही.

ऑटो लूपचं बटण दाबलं की चार बीटचा लूप लागतो, शेजारच्या बटणांनी तो अर्धा किंवा दुप्पट करता येतो. १२० बीपीएमला (मिनिटाला १२० बीट) एक बीट अर्ध्या सेकंदाचा, म्हणजे चार बीटचा लूप दोन सेकंदांचा. अर्धा-अर्धा करत १/१६ बीटपर्यंत खाली आलात की तुकडा जेमतेम ३१ मिलिसेकंदांचा उरतो. तेव्हा ठेका हरवतो आणि एक जाड, घरघरता सूर ऐकू येतो, कारण तोच तुकडा सेकंदाला ३२ वेळा वाजत असतो. ड्रॉपच्या, म्हणजे गाण्याचा ठेका जोरात परत येतो त्या जागेच्या, आधी हा प्रकार हमखास चालतो. मी मात्र चार, दोन, एक, अर्धा एवढ्यावरच थांबतो. त्याच्या खाली ऐकणाऱ्याचे कान लवकर थकतात.

लूपचा खरा उपयोग गाणं लांबवायला होतो. शेवटचा भाग आखूड असलेल्या गाण्यावर चार बीटचा लूप टाकला की पुढचं गाणं निवांत आत आणता येतं. पण लूप कधी सोडायचा याचा हिशेब डोक्यात ठेवावा लागतो. नाचायच्या बहुतेक गाण्यांत ३२ बीटनंतर काहीतरी बदलतं. चार बीटचा लूप आठ वेळा जादा फिरला तर ३२ पूर्ण होतात आणि दोन्ही गाणी एकाच वेळी वळण घेतात. पाच फेऱ्यांनंतर सोडलात तर २० बीट जादा झाले, आणि एका गाण्याचं वळण दुसऱ्याच्या ओळीच्या मध्येच येऊन पडतं. बीपीएम जुळलेले असतात, सिंकचा (दोन्ही गाण्यांचा वेग जुळवणाऱ्या बटणाचा) दिवा लागलेला असतो, तरी काहीतरी बिनसल्यासारखं वाटतं. सॉफ्टवेअर यात काही मदत करत नाही, मोजायचं आपणच.

हे सगळं बीटग्रिडवर, म्हणजे सॉफ्टवेअरने गाण्याच्या बीटवर मारलेल्या खुणांवर, उभं आहे. ड्रम मशीनवर केलेल्या गाण्यात ग्रिड एकदा बसला की शेवटपर्यंत हलत नाही. माणसाने वाजवलेल्या जुन्या रेकॉर्डिंगमध्ये लय थोडी मागेपुढे होते, आणि तिथे ऑटो लूपचं टोक बीटच्या आधी किंवा नंतर पडतं. अशा गाण्यांना मी क्वांटाइझ (लूपची टोकं आपोआप ग्रिडवर बसवणारी सोय) बंद करून लूप इन आणि लूप आउट (लूपची सुरुवात आणि शेवट) हातानेच दाबतो. सहा मात्रांच्या चालीलाही हेच करतो, कारण चार बीटचा लूप तिथे दर फेरीला सम चुकवतो. आणि शब्द गायले जात असताना शक्यतो लूप लावूच नये. सांधा एखाद्या अक्षराच्या मधोमध आला की प्रत्येक फेरीला टचकन आवाज येतो.

आता स्क्रॅच. १९७०च्या दशकाच्या मध्यात न्यूयॉर्कच्या ब्रॉंक्समध्ये ग्रँड विझर्ड थिओडोरने हे तंत्र पुढे आणलं असं मानलं जातं. ते घडलं विनाइलच्या रेकॉर्डवर, आणि कंट्रोलरवरचं गोल चाक, म्हणजे जॉग व्हील, आजही त्याच विनाइलची नक्कल करतं. ३३⅓ आरपीएमची तबकडी १.८ सेकंदांत एक फेरी पूर्ण करते, बहुतेक सॉफ्टवेअर जॉगचीही एक फेरी तेवढीच धरतं. पण बारा इंची रेकॉर्डच्या कडेला ती फेरी साधारण ९५ सेंटिमीटरची, तर सहा इंची जॉगवर ४८च्या आसपास. म्हणजे तेवढाच आवाज निम्म्या अंतरात कोंबलेला असतो. हात जरा जास्त सरकला की ‘आह’चा सॅम्पल (स्क्रॅचसाठी वापरायचा छोटा आवाज) संपून पुढची शांतताच वाजते. म्हणून छोट्या जॉगवर मनगट जवळपास स्थिर ठेवून फक्त बोटांनी खेळावं लागतं. बेबी स्क्रॅच (नुसतं मागेपुढे करणं) अशाने छान बसतो. चर्प आणि ट्रान्सफॉर्मर या स्क्रॅचच्या प्रकारांना दुसरा हात फेडरवर (आवाज उघडबंद करणाऱ्या सरकपट्टीवर) लागतो, आणि तिथे सेटिंग्जचा प्रश्न येतो.

क्रॉसफेडरचा, म्हणजे एका डेकवरून दुसऱ्यावर नेणाऱ्या याच पट्टीचा, कर्व्ह (सरकवल्यावर आवाज किती पटकन उघडतो ते) सुरुवातीला मिक्सिंगसाठी सौम्य ठेवलेला असतो. तो एकदम तीव्र करा, म्हणजे फेडर टोकापासून जरासा हलला की आवाज पूर्ण उघडेल. ऑडिओ बफर (वाजवण्याआधी लॅपटॉप साठवून ठेवतो तो आवाजाचा तुकडा) हा त्याहून मोठा मुद्दा. ४४.१ किलोहर्ट्झला १०२४ सॅम्पलचा बफर म्हणजे २३ मिलिसेकंदांचा उशीर. मिक्स करताना तो जाणवत नाही, पण स्क्रॅचमध्ये हात आणि आवाज यांची फारकत होते. २५६ वर आणलं की उशीर सहाच्या आत येतो आणि जॉगमध्ये जीव येतो. लॅपटॉप कमजोर असेल तर तिथे आवाज तुटू लागतो, मग ५१२ वर समाधान मानावं लागतं. कीलॉकही (वेग बदलला तरी सूर तोच ठेवणारी सोय) बंद असलेला बरा. स्क्रॅचमध्ये सूर वरखाली व्हायलाच हवा.

माझं सगळ्यात आवडतं बटण स्लिप मोडचं. ते चालू असताना तुम्ही लूप लावा, स्क्रॅच करा, गाणं आतल्या आत पुढे जातच राहतं. हात उचलला की ते जिथे असायला हवं होतं तिथूनच ऐकू येतं, मघाचा ३२चा हिशेबही आपोआप सुटतो. एका डेकवर नुसत्या ढोलांचा आठ बीटचा लूप आणि दुसऱ्यावर स्लिपमध्ये स्क्रॅच, हे जमलं की तासन्‌तास उठावंसं वाटत नाही.

तक्रार एकच, पण ती मोठी आहे. जॉगचा वरचा पृष्ठभाग हलका स्पर्श कधी ओळखतो, कधी नाही. ओळखला नाही तर स्क्रॅचऐवजी पिच बेंड होतो आणि गाणं नुसतं ढकललं जातं. कंपनीला लिहिलं तर ‘हे सामान्य आहे’ असं उत्तर आलं. संवेदनशीलता वाढवून बरंच सुधारलं, तरी घेण्याआधी दुकानात बोटाचं फक्त टोक टेकवून जॉग मागेपुढे करून पाहाच.