१० मीटर एअर रायफलचे छर्रे : उन्हाळ्यापासून दिवाळीपर्यंत वापरून काय कळलं

आधीच सांगून टाकतो, हे कागदावर नेम धरणाऱ्यांसाठी आहे. नागपुरात एअर रायफल घेतली म्हटलं की पेंच-ताडोब्याच्या वाटेवरचा एखादा नातेवाईक हमखास विचारतो, "काही पडेल का याने?" राजेहो, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर तो विषय संपला. घरी काडतुसं भरणंही परवान्याशिवाय गुन्हाच. ४.५ मिमी बोअरची आणि २० ज्यूलच्या आत ताकद असलेली एअर गन विनापरवाना मिळते, ती नेमबाजीसाठी. आमच्या खेळात गोळी निवडायची म्हणजे छर्रा निवडायचा, आणि त्यात डोकं खाणारं भरपूर आहे.

दुकानात टोकदार छर्रे पुढे करतात. दिसायला जबरदस्त, डब्यावर वाघाचं नाहीतर गरुडाचं चित्र. १० मीटरला ते कामाचे नाहीत. टोक जरा जरी तिरकं निघालं तरी छर्रा भरकटतो, शिवाय कागद कापला न जाता फाटतो. भोकाची कड कुठे संपते हेच कळत नाही, मग गुण मोजायचे कसे? चपट्या डोक्याचा छर्रा पंचिंग मशीनसारखं गोल भोक पाडतो. स्पर्धेत सगळे तोच वापरतात.

आता कोणता चपटा? बाजारात जर्मनीचे आरडब्ल्यूएस आर-१० आणि एच अँड एन फिनाले मॅच, चेक प्रजासत्ताकचे जेएसबी, शिवाय स्वस्तातले बरेच. रायफलवाले साधारण ०.५३ ग्रॅमचा घेतात, पिस्तूलवाले त्याहून हलका. इथवर सगळ्यांना माहीत असतं. डब्यावर बारीक अक्षरात ४.४९ किंवा ४.५० छापलेलं असतं, तिकडे मात्र फार कुणाचं लक्ष जात नाही. ते छर्ऱ्याच्या डोक्याचं माप. फरक एका मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचा, पण माझा सगळा अनुभव त्या आकड्याभोवतीच फिरतो.

क्लबात एक जड स्टँड आहे. त्यात रायफल पॅडिंग लावून घट्ट आवळायची, म्हणजे माझा श्वास, खांदा, ट्रिगरवरचं बोट यांचा संबंधच उरत नाही. एका कार्डावर एकाच जातीचे दहा छर्रे सोडायचे, मग व्हर्नियरने भोकांच्या झुबक्याची सगळ्यात लांब बाहेरची मापं घ्यायची. माझ्या रायफलीतून ४.४९ चा झुबका बाहेरून बाहेर साडेसहा मिमीच्या आसपास आला. एकाच भोकाची रुंदी साडेचार असते, म्हणजे मधोमध ते मधोमध जेमतेम दोन मिमी. त्याच कंपनीचा, त्याच वजनाचा ४.५० चा आठच्या वर गेला. मुलीची रायफल वेगळ्या कंपनीची. तिच्या स्टँडवर नेमकं उलटं झालं, ४.५० चिकटून बसला आणि ४.४९ पसरला. "बाबा, तुमचा डबा तुमच्याकडेच ठेवा," म्हणाली. तेव्हापासून घरात दोन वेगळे डबे आहेत. माझ्या बॅरलला कोणत्या कंपनीचा जमला ते मुद्दाम लिहीत नाही, कारण तुमच्या बॅरलला तोच जमेल याची काहीच खात्री नाही.

दोन मिमी आणि चार मिमीत असा काय फरक, असं वाटेल. १० मीटर रायफलच्या टार्गेटवर दहाचा ठिपका फक्त अर्ध्या मिमीचा असतो आणि दशांश गुण पाव पाव मिमीने बदलतो. साठ शॉटच्या फेरीत छर्राच दर वेळी पाऊण मिमी इकडेतिकडे नेत असेल, तर तुमचा चांगला शॉटही १०.६ चा १०.३ होतो. ते तीन दशांश सरावाने भरून निघत नाहीत.

लॉट नंबरही बघा. एकाच नावाचा पुढचा डबा आणला आणि मार, म्हणजे छर्रा लागायची जागा, दोन क्लिक (साइटच्या स्क्रूचे टप्पे) सरकला, झुबकाही थोडा सैलावला. डब्यावरचा नंबर वेगळा निघाला. साच्यागणिक, बॅचगणिक छर्रा बदलतो. तेव्हापासून आधी क्लबमधल्या कुणाकडून पन्नास-पन्नास छर्रे उसने घेऊन स्टँडवर बघायचे, जमले तर त्याच लॉटचे सीझनभर पुरतील एवढे डबे एकदम उचलायचे, असं चाललंय. एका ऑनलाइन दुकानाने डबे नुसत्या पिशवीत घालून पाठवले होते. उघडून बघतो तर खालच्या थराच्या छर्ऱ्यांचे स्कर्ट, म्हणजे मागचा पातळ घेर, चेपलेले. चेपलेल्या स्कर्टमागून हवा निसटते आणि छर्रा कुठेही जातो. परतावा मिळाला, पण सीझनचे दोन आठवडे गेले. आता मी हातात घेऊनच घेतो.

वजन करून निवडण्याचं खूळ माझ्याही डोक्यात होतं. इतवारीतून मिलिग्रॅम दाखवणारा काटा आणला, रात्री बसून ढीग लावले. चांगल्या डब्यात पाच मिलिग्रॅमपेक्षा जास्त फरक क्वचितच सापडला. हिशेब केला: १७० मीटर प्रति सेकंदाने निघालेला छर्रा दहा मीटरला ०.०६ सेकंदात पोचतो आणि तेवढ्यात पावणेदोन सेंटीमीटर खाली येतो. वजनातल्या एक टक्का फरकाने त्यात पडणारा फरक ०.२ मिमीपेक्षाही कमी. काटा आता मुलीच्या केमिस्ट्री प्रॅक्टिकलला गेलाय. त्यापेक्षा काचेवर छर्रे हळूच घरंगळवून बघा. सगळे सारख्याच कमानीत वळतात, एखादा वेगळा वळला की तो बाजूला काढायचा. दोन मिनिटांचं काम आहे आणि गाळणी चांगली होते.

नागपूरकरांसाठी एक खास गोष्ट. मे महिन्यात आपण कूलरच्या खोलीत राहतो, आणि मी डबाही तिथेच कपाटात ठेवला होता. कूलरचा ओलावा शिशाला सोसत नाही. छर्रे आधी काळपट पडले, मग काहींवर पांढरी पूड दिसायला लागली. ती पूड विषारी असते, आणि असे छर्रे बॅरलमध्ये घालूच नयेत. आता हवाबंद डब्यात सिलिका जेलची पुडी टाकून बेडरूमच्या वरच्या फडताळात ठेवतो. पावसाळाही असाच निघाला, काही झालं नाही. रायफलीचा दाबलेल्या हवेचा सिलिंडर मात्र उन्हात उभ्या गाडीत कधीच ठेवायचा नाही. २०० बारचा दाब आणि ४५ अंशांचं ऊन यांची गाठ घालू नये.

आणि हात! शिशाचे छर्रे हाताळून तसेच तर्री पोह्यांवर बसणारे रेंजवर बरेच आहेत. साबण आणि थंड पाणी, मग पोहे. लहान मुलं शूटिंग करत असतील तर हे पालकांनी बघायचं.

देशी स्वस्त छर्ऱ्यांबद्दल विचारणा होते म्हणून लिहितो. मी एक छाप वापरून पाहिली. स्टँडवर झुबका दहा-अकरा मिमीचा आला, डब्यात दोन-चार छर्ऱ्यांना शिशाची शेपटी लटकत होती. नवशिक्याला उभं राहायला, श्वास धरायला शिकवताना ते चालतील. पण दहाच्या जवळ पोचलेल्या पोराला ते देऊ नका. त्याचा शॉट चांगला गेला की छर्रा वाईट गेला, हे त्याला कधीच समजणार नाही आणि तो चूक नसताना स्वतःचं ट्रिगर सुधारत बसेल.

सध्या सरावाला मी मधल्या किमतीचा ४.४९ वापरतो, स्पर्धेला महागडा. दोन्हींचा मार एका जागी पडत नाही, डावीकडे तीन क्लिक आणि खाली एक. हे आकडे मार्करने डब्याच्या झाकणावरच लिहून ठेवलेत. लॉट बदलला की पुसून नवे लिहायचे.