तीन मजली चाकवाली ट्रॉली : क्राफ्टवाल्यांनी घ्यावी का?

आधीच सांगून टाकते, वस्तू चांगलीये, पण बहुतेक लोक ज्या आशेने घेतात त्यासाठी ती नाहीये. आशा काय असते, की सगळा पसारा एकदाचा मार्गी लागेल. मग होतं असं की तिन्ही ट्रे ठासून भरतात, एका बाजूने लोकर लोंबतेय, दुसऱ्या बाजूने कार्डशीटचे कोपरे मुडपलेत, आणि कात्री तरी सापडतेय का, तर नाही! ट्रॉलीला कपाट समजलं की हे होणारच. सध्या जे काम हातात चालू आहे फक्त त्याचं सामान तिच्यावर, बाकी सगळं दुसरीकडे, असं वापरलं तर मात्र हिच्याइतकी कामाची गोष्ट नाही.

माझी आहे ती नेहमीची, पत्र्याची, पावडर कोटिंगवाली, तीन ट्रे, चार चाकं. अशा ट्रॉल्या ढीगभर कंपन्या काढतात आणि दिसायला सगळ्या सख्ख्या बहिणी, त्यामुळे हा रिव्ह्यू एका कंपनीचा नाही, या प्रकाराचा समजा.

जोडणी सोपी आहे, ॲलन की (बोल्ट आवळायची षटकोनी चावी) सोबत येते. एकच लक्षात ठेवा, सुरुवातीला सगळे बोल्ट नुसते अडकवून ठेवायचे, पूर्ण आवळायचे नाहीत. पहिला ट्रे करकचून आवळला की शेवटच्या ट्रेची भोकं जुळत नाहीत आणि मग सगळं परत सोडवत बसा. तिन्ही ट्रे बसले की सपाट फरशीवर उभी करून मग एकेक बोल्ट आवळायचा.

ट्रेचा तळ घ्यायच्या आधी नीट बघा. जाळीचा तळ दिसायला हलका आणि छान वाटतो, पण 11/0 नंबरचे मणी जेमतेम 2 मिमीचे असतात, ते काय जाळीवर थांबणारेत होय? सुया, टिकल्या, ग्लिटर, सगळं खालच्या ट्रेमध्ये आणि तिथून जमिनीवर. जाळीवालीच घेतली असेल तर प्रत्येक ट्रेच्या मापाचा फेल्ट किंवा फोमशीट कापून तळाला टाका, त्याने कात्री-पंच ठेवतानाचा खणखणाटही कमी होतो. मला विचाराल तर सलग पत्र्याचा तळ कधीही बरा, पुसायलाही सोपा.

चाकं ठीकठाक. गुळगुळीत फरशीवर मस्त फिरतात, गालिच्यावर अडतात, आणि उंबरा आला की ट्रॉली उचलूनच न्यावी लागते. निदान दोन चाकांना लॉक हवाच, नाहीतर वरच्या ट्रेमधून काही ओढून काढताना ट्रॉली पण मागेमागे येते. आणि वजन खाली ठेवा बाबांनो. पेपर ट्रिमर, मोठे पंच, गोंदाच्या आणि रंगाच्या भरलेल्या बाटल्या सगळ्या तळाच्या ट्रेमध्ये, वर जड ठेवलं की वळताना ती कलंडते. फक्त घरात रांगणारं मूल असेल तर खालचा ट्रे बरोबर त्याच्या हाताच्या उंचीवर येतो, त्यामुळे कटर, सुया, सुपरग्लू तिथे नको, गरम ग्लू गन तर कुठल्याच ट्रेमध्ये नको, ती पूर्ण गार झाल्यावरच जागेवर.

आता मुख्य मुद्दा, कुठे काय. वरच्या ट्रेमध्ये न बघता हात जाईल अशा गोष्टी: कात्री, मोजपट्टी, पेन्सिल, खोडरबर, गोंद, बास. मधला ट्रे पूर्ण रिकामा ठेवायचा आणि त्यात एका कामाचा एक डबा बसवायचा. म्हणजे भरतकाम चालू असेल तर रिंग, कापड, त्या डिझाइनचे दोरे, नमुन्याचा कागद, सगळं त्या एका डब्यात. काम बदललं की डबा उचलून कपाटात आणि दुसरा डबा ट्रॉलीवर. ऐकायला फार किरकोळ वाटतं पण फरक इथेच पडतो, कारण काहीतरी सुचतं तेव्हा आपल्याकडे अर्धा-पाऊण तास असतो आणि त्यातला बराचसा वेळ सामान गोळा करण्यात गेला की हुरूप तिथेच विरतो. डबा समोर असला की बसलं आणि टाके सुरू. अर्धवट राहिलेलं कामही नजरेसमोर राहतं, नाहीतर ते कपाटात गेलं की गेलं, वर्षानुवर्षं दर्शन नाही.

डबे पारदर्शक असावेत की बंद, यावरून लोक उगाच भांडतात. काहींना दिसलं नाही तर ती वस्तू आपल्याकडे आहे हेच आठवत नाही, त्यांनी पारदर्शक घ्यावेत. काहींना सगळे रंग एकदम दिसले की काय करू नि काय नको होतं, त्यांनी बंद डबे घेऊन वर चिठ्ठी लावावी. मी पहिल्या गटातली.

आणि ट्रॉलीवर काय ठेवू नये? एक म्हणजे कागद. ए फोर कागद 21 बाय 29.7 सेंटीमीटर, स्क्रॅपबुकचा 12 बाय 12 इंच, आणि ट्रेचे कोपरे गोल असतात, बाजू उतरत्या असतात, त्यामुळे बाहेरचं माप बघून घेतलं तर आत कागद बसेलच असं नाही. तळाचं आतलं माप घ्या. सैल उभे ठेवलेले कागद हमखास वाकतात, ते कपाटात आडवेच बरे. दुसरं, दोन्ही टोकांना निब असलेले अल्कोहोल मार्कर. फोटोत ते वरच्या ट्रेमध्ये कपात उभे लावलेले फार गोड दिसतात, पण शाई खालच्या टोकाला उतरते आणि वरचं टोक कोरडं चालतं, म्हणून आडवे ठेवा. तिसरं पॉलिमर क्ले, म्हणजे ओव्हनमध्ये भाजून कडक करायची प्लास्टिकची माती. ही उघडी किंवा कडक, काचेसारख्या चकचकीत प्लास्टिकच्या डबीत ठेवू नका. डबीच्या तळाशी त्रिकोणात 6 लिहिलेलं असेल तर ते पॉलिस्टायरीन, आणि क्लेमधलं प्लास्टिसायझर (तिला मऊ ठेवणारं द्रव्य) त्याला मऊ-चिकट करून टाकतं. त्रिकोणात 5 असलेली पॉलिप्रॉपिलीनची डबी चालते. ट्रॉली खिडकीशी उभी करत असाल तर आणखी एक, कार्डवर ठसे उमटवायचे पारदर्शक स्टँप उजेडात पिवळे पडतात आणि रंगीत कागद विटतो, आणि ऊन येत असेल तर क्लेही कडक व्हायला लागतो.

भरतकामवाल्यांसाठी थोडं जास्तीचं, कारण दोऱ्याचा गुंता सोडवण्यात आयुष्य जातं. डीएमसी या कंपनीच्या साध्या सुती भरतकामाच्या दोऱ्याची लडी 8 मीटरची, 6 पदरी असते आणि रंग आहेत 500. लडीवरची कागदी पट्टी निघाली की नंबर गेला, आणि दोन जवळच्या हिरव्यांतला कोणता ते नुसत्या नजरेने ओळखायला जाऊ नका, रात्रीच्या दिव्यात तर नाहीच. दोरा बॉबिनवर गुंडाळतानाच तिच्यावर नंबर लिहायचा. लोकरीच्या गुंड्यांचं पण तेच, लेबलवर डाय लॉटचा, म्हणजे एकाच वेळी रंगवलेल्या घाण्याचा नंबर असतो, ते लेबल स्वेटर पूर्ण होईपर्यंत त्याच डब्यात टाकून ठेवा, कारण त्याच रंगाचा पण दुसऱ्या लॉटचा गुंडा मध्येच लावला तर पट्टा दिसतो.

पेगबोर्ड, म्हणजे हुक अडकवायचा भोकांचा बोर्ड, घ्यावा की ट्रॉली, हाही प्रश्न असतो. कात्र्या, पट्ट्या, रिंगा, रिबनची रिळं, म्हणजे टांगता येण्यासारखं सामान जास्त असेल तर पेगबोर्ड उत्तम, हवी ती वस्तू पटकन दिसते. पण हुक आत सरकायला त्याच्या मागे थोडी पोकळी लागते, म्हणजे भिंतीला पट्ट्या ठोकून त्यावर बोर्ड, आणि भाड्याच्या घरात हे सगळं कोण करू देणार. शिवाय तो एका जागी राहतो. ट्रॉली टेबलापाशी, पलंगापाशी, जिथे बसाल तिथे येते आणि पाहुणे आले की दाराआड जाते.

ज्यांचं काम मुख्यतः शिवणाचं आहे, कापडाचे मोठे तुकडे, गठ्ठे, त्यांनी यात पैसे घालू नयेत, कापड तिन्ही ट्रेमधून बाहेरच येत राहील, त्यांना खोल ड्रॉवर हवेत. रंगकाम, भरतकाम, मणीकाम, कार्ड बनवणं, क्रोशा यांना जमेल. माझ्याकडून 5 पैकी 4, एक गुण जाळीच्या तळाचा कापला. घेताना दोन ट्रेमधलं अंतर पण मोजा, तुमच्याकडची सगळ्यात उंच बाटली किंवा ब्रशचा कप ट्रेमध्ये उभा राहून वर हात घालायला जागा उरली पाहिजे, काही मॉडेलमध्ये मधला ट्रे सरकवून वर-खाली करता येतो, तसं मिळालं तर तेच घ्या.