परभणी स्टेशनातल्या खुर्च्या आणि माझे 1,14,500 रुपये

आधी आकडा सांगून टाकतो, म्हणजे पुढचं लिहायला मोकळा. दोन आरामखुर्च्या 27,500 प्रमाणे 55,000. चार वेताच्या खुर्च्या 13,000 प्रमाणे 52,000. टेम्पो 4,500. वर "जरा हात फिरवून देतो" म्हणून पॉलिशचे 3,000. एकूण 1,14,500. बायकोला मी 80,000 सांगितले होते. हे वाचलं तर खरा आकडा तिलाही कळेल, कळू दे.

मी काही अडाणी माणूस नाही. 31 वर्षं बँकेत काढली, त्यातली निम्मी कर्जखात्यात. सातबाऱ्यावरची खाडाखोड मी चष्मा न लावता पकडायचो. तरी फसलो, आणि हौसेने फसलो.

2024 च्या दिवाळीआधीची गोष्ट. निवृत्तीच्या पैशातून घराला ओसरी काढली होती, तिथे जुन्या धाटणीच्या खुर्च्या हव्या होत्या. संभाजीनगरजवळच्या एका गोडाउनचा पत्ता ओळखीतून मिळाला. माणूस फार अदबीचा. आधी चहा पाजला, मग विचारलं, "कुठले साहेब?" मी म्हणालो, परभणी. तो जरा गप्प झाला आणि आतल्या पोराला हाक मारली, "त्या रेल्वेच्या काढ रे बाहेर."

त्या खुर्च्या म्हणे परभणी स्टेशनच्या वेटिंग रूममधल्या. निजामाच्या रेल्वेच्या. आदिलाबादचं सागवान. लांब हातांची, वर पाय टाकून पडायची आरामखुर्ची. पाठीला पितळी पट्टी, तिच्यावर इंग्रजीत "एन.जी.एस.आर. 1938". लहानपणी वडिलांबरोबर त्याच स्टेशनात मी कितीदा पॅसेंजरची वाट बघत बसलोय. गळा भरून आला, आता काय सांगू! सौदा तिथेच झाला होता, बाकी सगळं नाटक.

त्याने मी कुठला ते आधी विचारलं आणि खुर्च्या कुठल्या ते नंतर सांगितलं. हा क्रम लक्षात ठेवा.

आता जिथे डोळे उघडायला हवे होते ती जागा. आरामखुर्चीत बसलो, हातावरून हात फिरवला, उन्हाळा नसूनही घाम आला होता म्हणून रुमालाने तळवा पुसला. पांढऱ्या रुमालावर तपकिरी डाग. बायको शेजारीच उभी. म्हणाली, "अहो, रंग जातोय की." तो हसला, "वहिनी, शंभर वर्षांची धूळ आहे ती." मीही हसलो. वर बायकोला म्हणालो, तुला यातलं काय कळतं.

शंभर वर्षं! आणि पाठीमागे पट्टीवर 1938. 2024 मधून 1938 गेले, उरले 86. आयुष्यभर लोकांचं व्याज मोजलं आणि दुसरीतली वजाबाकी केली नाही. आपल्याकडे 1972 च्या कायद्यानेही पुरावस्तू म्हणायला वस्तू निदान 100 वर्षांची लागते. हे मला माहीत होतं. माहीत असून विचारलं नाही. तो रुमाल मी धुतलेला नाही, कपाटात तसाच आहे.

खुर्ची पालथी करून बघायला गेलो तर म्हणाला, "कामून पालथी घालताव साहेब, जुना वेत हाय, तटकन तुटंल." जो विकणारा खुर्ची पालथी करू देत नाही त्याच्याकडून पाटसुद्धा घेऊ नका.

40,000 फोनवरून पाठवले, ते त्याच्या "भाच्याच्या" खात्यावर. 50,000 रोख. उरलेले 24,500 टेम्पो दारात आल्यावर. पक्कं बिल घेतलं तर 18 टक्के वर लागतील म्हणाला, म्हणून मी कच्च्या चिठ्ठीवर भागवलं. चिठ्ठीवर एवढंच: "लाकडी खुर्ची, 6 नग." साल नाही, सागवान नाही, रेल्वे नाही. हो, जीएसटी वाचवायला गेलो, चूक माझी. पण अशी चूक न केलेला माणूस परभणीत दाखवा.

पुढच्या पावसाळ्यात एका खुर्चीचा पाय सांध्यातून निसटला. सुतार मिस्त्री आले. त्यांनी काही न विचारता खुर्ची पालथी घातली आणि बायकोकडे सुई मागितली. लाकडाला किडीची भोकं होती, मला तीच जुनेपणाची खूण वाटायची. मिस्त्री एकेका भोकात सुई घालत गेले. किडीचं भोक आत वाकडंतिकडं जातं, सुई अडकते. इथे प्रत्येक भोकात सुई सरळ आणि सारखीच खोल. "ड्रिल मारलंय साहेब." मग खालून ओला फडका फिरवला, रंग उतरला आणि आत आंब्याचं पिवळट लाकूड. पाचशे रुपये घ्यायला ते तयार होईनात, मी बळेच दिले.

स्क्रू सगळे चौफुली डोक्याचे. हे स्क्रू अमेरिकेतच 1930 च्या दशकात मोटारींच्या कारखान्यात आले. निजामाच्या सुताराकडे 1938 मध्ये ते कुठून येणार? वेत म्हणाल तर रोलमधली तयार जाळी, खाचेत दाबून वरून पट्टी ठोकलेली. हाताने विणलेल्या खुर्चीच्या चौकटीला ओळीने भोकं असतात, एकेका भोकातून वेत ओवलेला असतो. वेत नंतर बदलला असेल, मान्य. पण मग चौकटीवर जुनी भोकं तरी राहतील! आणि खऱ्या जुन्या खुर्चीची खालची बाजू कोरडी, पॉलिश नसलेली, कुठे काळी कुठे फिकी असते. हिची खालून-वरून एकच छटा होती.

रेल्वेतून निवृत्त झालेल्या एका काकांना पट्टी दाखवली. ते बराच वेळ हसत होते. एन.जी.एस.आर. म्हणजे निजाम्स गॅरंटीड स्टेट रेल्वे, त्यातला जी म्हणजे गॅरंटीड. ती कंपनी 1930 मध्ये निजाम सरकारने ताब्यात घेतली आणि जी गेला. 1938 च्या पट्टीवर तो परत कसा आला?

तर 1930 हाच सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनचाही नंबर. तिथे म्हणाले, माल मिळालाय, पैसे तुम्हीच पाठवलेत, आमच्यात बसत नाही. ठाण्यात गेलो. "काका, स्वतः गेलात, बसून पाहिलंत, खुर्ची मिळाली. फसवणूक कसली? सिव्हिल मॅटर आहे." मी भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं कलम 318 म्हणालो, तर समोरच्याने वर न बघता विचारलं, वकील आहात का? मग खरेदी तिकडची, तिकडे जा. तिकडे गेलो, दोनशे किलोमीटर. तिथे म्हणाले, पैसे परभणीतून गेले, तिकडेच तक्रार द्या. गुन्हा कुठेही नोंदवता येतो असा नवा नियम आहे, हे मी छापून नेलं होतं. कागद ठेवून घेतला, पोच दिली नाही. रुमाल दाखवला तर एकजण म्हणाला, चहाचा डाग आहे हा. दुसऱ्याने तेवढ्यात खुर्ची केवढ्याला घेतली ते विचारलं, आणि आकडा ऐकून बाकीच्यांना बोलावून सांगितला. तीन ठिकाणी मिळून मी अकरा चकरा मारल्या. कर्जबुडव्याशी आम्ही बँकेत यापेक्षा बरं बोलायचो.

ग्राहक आयोगात मात्र राहत्या जिल्ह्यात तक्रार देता येते, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. तिथे तीन तारखा झाल्या. दोनदा समोरचा आलाच नाही, तिसऱ्यांदा त्याच्या वकिलाने चिठ्ठी वाचून दाखवली: "लाकडी खुर्ची, 6 नग. दिल्या." म्हणून म्हणतो, साल, लाकूड आणि कुठून आली हे बिलावर लिहून घ्या. लिहायला कचरला तर तिथूनच परत फिरा. आणि पैसे ज्याच्याशी बोलणं झालं त्याच्याच नावावर.

मागच्या आठवड्यात भाच्याला, माझ्या खऱ्या भाच्याला, त्या नंबरवर फोन करायला लावला. पलीकडून पहिला प्रश्न, "कुठले साहेब?" भाचा म्हणाला, लातूर. "लातूर स्टेशनातल्या दोन आरामखुर्च्या कालच आल्यात बघा. निजामाच्या रेल्वेच्या." लातूरला तेव्हा निजामाची रेल्वे नव्हतीच, बार्शी लाइट या वेगळ्या कंपनीची छोटी गाडी होती. भाच्याने तरी भाव विचारला. आता 31,000 झालाय.