दुभंगलेला ओठ: आयआरएफ-६ आणि ८क्यू२४

ओठ दुभंगलेलं बाळ जन्मलं की आपल्याकडे अजूनही आईलाच विचारतात, ग्रहणात विळी हातात घेतली होतीस का? ग्रहणाचा यात काडीचाही संबंध नाही. बराचसा धोका जनुकांतून येतो, आणि तिथे दोन ठिकाणं सतत पुढे येतात.

पहिलं, १ क्रमांकाच्या गुणसूत्रावरचं आयआरएफ-६ हे जनुक. यात मोठा बिघाड झाला तर व्हॅन डर वूड सिंड्रोम, म्हणजे ओठ किंवा टाळू दुभंगण्याचा एक आनुवंशिक विकार, होतो, हे २००२ मध्ये कळलं. अशा माणसाच्या खालच्या ओठावर बहुधा मधल्या रेषेच्या दोन बाजूंना बारीक खळगे दिसतात. कधी तेवढंच लक्षण असतं, तरी प्रत्येक अपत्यात बिघाड उतरण्याची शक्यता ५० टक्के. म्हणून बाळाइतकाच आईबाबांचा खालचा ओठही नीट पाहायला हवा. या जनुकाजवळचे सौम्य बदल युरोप आणि आशिया, दोन्हीकडे धोका थोडा वाढवतात.

८क्यू२४ चं तसं नाही. २००९ मध्ये जर्मन रुग्णांच्या अभ्यासातून पुढे आलेली ही ८ व्या गुणसूत्रावरची जागा जवळपास जनुकांविना आहे. युरोपीय वंशात तिचा परिणाम ठसठशीत, पूर्व आशियात फिका. पूर्व आशियात या जागेवरचा धोका वाढवणारा बदलच मुळात दुर्मीळ, त्यामुळे अभ्यासात पकडीत येणं अवघड.

कुटुंबाला सल्ला देताना माझा कौल आयआरएफ-६ ला. ८क्यू२४ वरून युरोपात काढलेला धोक्याचा आकडा चीनमधल्या किंवा आपल्याकडच्या बाळाला जसाच्या तसा लावणं मला मुळीच पटत नाही.