कुत्र्यासाठी उडती डिस्क: आधी मऊ, मग हलकी, न फुटणारी सगळ्यात शेवटी

कुत्र्यांच्या डिस्क विकल्या जातात त्या बहुतेक एकाच गुणावर: दातांनी फुटत नाही. घेणाराही तेवढंच बघतो आणि पहिल्याच दिवशी जाड, जड, कडक डिस्क मैदानात घेऊन जातो. तिसऱ्या फेकीला ती नाकावर आपटते. चौथ्या फेकीला कुत्रा डिस्क जवळ येताच मान फिरवतो, ती जमिनीवर पडू देतो आणि मग उचलतो. हे एकदा अंगवळणी पडलं की मोडायला फार वेळ लागतो. म्हणून टिकाऊपणाची कसोटी इथे दुय्यम ठेवली आहे. डिस्क कधीच न पाहिलेल्या कुत्र्याला हवेत पकडायला शिकवायचं असेल, तर कोणत्या टप्प्यावर कोणती डिस्क हातात असावी, यावर हे परीक्षण आहे. त्यासाठी चार डिस्क घेतल्या आहेत: कॉंग फ्लायर, हीरोच्या २३५ गटातली हलकी डिस्क, चकइट पॅराफ्लाइट आणि हायपरफ्लाइट जॉझ.

माणसांच्या खेळातली डिस्क मात्र मुळीच वापरू नका. अल्टिमेट या सांघिक खेळातली डिस्क १७५ ग्रॅमची आणि सुमारे २७ सेंटिमीटर व्यासाची असते. तिची कड माणसाच्या तळहातासाठी केलेली असते. ती वेगात दातांवर बसली तर दात तुटू शकतो.

कॉंग फ्लायर

रबराची, मऊ, तोंडात दुमडणारी. मोठा आकार सुमारे २३ सेंटिमीटरचा, छोटा १८ चा. शिकवण्याची सुरुवात हिच्यापासूनच करावी, असं आमचं स्पष्ट मत आहे. अंदाज चुकून ती तोंडावर लागली तरी कुत्रा दचकत नाही. जमिनीवर सपाट पडली तरी कड दुमडून उचलता येते. कडक प्लास्टिकची डिस्क गवतात पालथी पडली की नवखा कुत्रा तिला नाकाने ढकलत बसतो आणि कंटाळतो. ही अडचण इथे येत नाही.

पहिलं काम फेकण्याचं नाहीच. डिस्क कुत्र्याच्या तोंडाच्या उंचीवर, जमिनीला समांतर धरा आणि डावीकडून उजवीकडे झटक्याने हलवा. त्याने धरली की दोनतीन सेकंद हलकी ओढाताण करा. ओढ आडवी आणि सरळ असावी. वर उचलून झुलवलं तर मानेवर आणि पिल्लाच्या दातांवर ताण येतो. मग लगेच तशीच दुसरी डिस्क हलवून दाखवा. पहिली तोंडातून सुटण्याच्या क्षणी ‘सोड’ म्हणा. ‘सोड’ शिकवायला हा अदलाबदलीचा मार्ग सगळ्यात चांगला, कारण सोडलं की खेळ संपतो असं कुत्र्याला वाटत नाही. त्यासाठी दोन्ही डिस्क अगदी सारख्या हव्यात. एक आवडती आणि एक नावडती असली की कुत्रा आवडती सोडत नाही.

खेळ झाला की डिस्क उचलून ठेवा. दिवसभर घरात पडून असलेली डिस्क कुत्र्याला चघळायची वस्तू वाटते, झेलायची नव्हे. फ्लायरच्या बाबतीत तर हे अधिकच खरं: रबर चघळायला छान लागतं आणि तासाभरात कडेचा तुकडा निघू शकतो. गिळलेला रबराचा तुकडा आतड्यात अडकला तर शस्त्रक्रिया करावी लागते. कडेला चीर दिसली की डिस्क फेकून द्या.

दुसरी पायरी घरंगळत्या डिस्कची. डिस्क उभी धरून गवतावर चाकासारखी सोडायची, कुत्र्याच्या समोरून, त्याच्यापासून दूर जाईल अशी. यात पाठलाग आहे, वेग आहे, तोंडाने अचूक पकडणं आहे, पण उडी नाही. हाडांची वाढ पूर्ण न झालेल्या कुत्र्याला इथेच थांबवायचं. लांब हाडांच्या टोकांना वाढीचे कूर्चेचे पट्टे असतात. ते साधारण १२ ते १८ महिन्यांत बंद होतात, अवाढव्य जातींमध्ये आणखी उशिरा. त्याआधी वारंवार उड्या मारून पट्ट्याला इजा झाली तर पाय वाकडा वाढू शकतो. आपल्या कुत्र्याची वाढ पूर्ण झाली का, हे पशुवैद्याला विचारून घ्या.

फ्लायरमध्ये कमी आहे ती उडण्याची. जोरात फेकली की कड लवते, डिस्क हवेत वाकते आणि भरकटते. उन्हात रबर आणखी ढिलं पडतं. दहाबारा मीटरपलीकडे तिच्याकडून अपेक्षा ठेवू नका. दंडाचा जोर कमी आणि मनगटाचा झटका जास्त ठेवला तर ती बरीच सरळ जाते.

हीरो २३५ आणि तिच्या जोडीच्या हलक्या डिस्क

नावातला २३५ हा आकडा व्यासाचे मिलिमीटर सांगतो. या गटातल्या प्लास्टिकच्या डिस्कचं वजन १०० ते ११० ग्रॅमच्या आसपास असतं आणि स्पर्धक सर्रास याच वापरतात. घरंगळती डिस्क कुत्रा न चुकता पकडू लागला की हातात ही घ्या. झेलायला शिकवावं ते हिच्यावरच, कारण ती जमिनीला समांतर तरंगत राहते आणि शेवटी मंदावते. कुत्र्याला अंदाज बांधायला लागणारे ते एकदोन क्षण तिच्यामुळे मिळतात.

पहिले झेल एकदोन मीटरवरून द्या. बहुतेकांचं इथे चुकतं: डिस्क सरळ तोंडावर येते. कुत्र्याचे डोळे काहीसे बाजूंना असतात. बाजूने आडवी जाणारी वस्तू त्याला चांगली कळते, नाकाच्या रेषेत येणारी नीट कळत नाही. डिस्क त्याच्या समोरून आडवी, डोक्याच्या उंचीवर जाऊ द्या. कुत्रा जागेवर बसून झेलू पाहत असेल तर त्याला आधी चालतं करा. मान मागे टाकून बसल्या जागी झेलणं अवघड असतं आणि चुकला की डिस्क नाकावरच पडते.

जवळचे झेल जमले की ‘फिर’ शिकवा, म्हणजे फेकणाऱ्याच्या मागून वळसा घालून पुढे पळणं. डिस्क कुत्रा पळू लागल्यावरच सुटली पाहिजे. कुत्रा समोर उभा राहून तुमच्याकडे बघत असताना डोक्यावरून फेकलीत तर त्याला गर्रकन वळावं लागतं. मागच्या पायावर सगळं वजन असताना झालेलं हे वळण गुडघ्याच्या क्रूशिएट लिगामेंटला, म्हणजे गुडघा स्थिर ठेवणाऱ्या आतल्या अस्थिबंधाला, घातक ठरतं. वळशाची बाजू ठरलेली ठेवा, म्हणजे कुत्रा कुठून निघणार आणि डिस्क कुठल्या खांद्यावरून दिसणार, हे दोघांनाही माहीत असतं.

फेक माणसाने आधी एकट्याने घोटावी. कुत्रा चुकतोय असं वाटतं तेव्हा निम्म्याहून अधिक वेळा फेकच चुकलेली असते. उजव्या हाताने बॅकहँड, म्हणजे हात अंगासमोरून आडवा उलगडत, फेकली की डिस्क वरून पाहता घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरते आणि वेग संपत आला की डावीकडे कलते. हा कल धरून लक्ष्याच्या किंचित उजवीकडे सोडा. डिस्क थरथरत जात असेल तर फिरकी कमी आहे. मनगट शेवटच्या क्षणी उलगडा, हाताचा वेग वाढवू नका. पुढची कड वर राहिली तर डिस्क चढते, थांबते आणि मागे घसरते. कुत्रा तिच्याखाली जाऊन सरळ वर उडी मारतो आणि मागच्या दोन पायांवर खाली येतो. पाठीला आणि गुडघ्यांना सगळ्यात वाईट उडी हीच. समोरून वारा असेल तर डिस्क उचलली जाते, म्हणून पुढची कड थोडी खाली ठेवा आणि बेताने फेका. पाठीमागून वारा असेल तर ती लवकर दबते, म्हणून थोडी उंच सोडा. वारा जोराचा असेल तर हलकी डिस्क त्या दिवशी बाहेर काढू नये.

उंच उडीचं आकर्षण या खेळाला जन्मापासून आहे. १९७४ मध्ये लॉस एंजेलिसच्या डॉजर स्टेडियमवर बेसबॉलचा सामना थांबवून अ‍ॅलेक्स स्टाइनचा अ‍ॅश्ली व्हिपेट नावाचा कुत्रा हवेत झेपावताना टीव्हीवर दिसला आणि लोक या खेळाच्या प्रेमात पडले. पण व्हिपेट ही सडपातळ, हलक्या हाडांची जात. तीस किलोच्या लॅब्रॉडॉरला त्याच उंचीवरून उतरताना बसणारा हादरा फार वेगळा असतो. चारही पाय हवेत असताना झेललं तर अनेक स्पर्धांत अर्धा गुण जादा मिळतो, आणि त्याला पाय जमिनीपासून जेमतेम सुटले तरी पुरतं. पळता पळता लांब, चपटी झेप आणि पुढच्या पायांवर किंवा चारही पायांवर उतरणं, हे साधायचं. त्यासाठी डिस्क कुत्र्याच्या डोक्याच्या थोडी वर आणि पुढे हवी.

हलक्या डिस्कचा तोटा उघड आहे. दातांचे व्रण लवकर पडतात आणि व्रणांच्या कडा चाकूसारख्या होतात. जीभ, ओठ, हिरड्या कापतात आणि डिस्कवर रक्त दिसेपर्यंत उत्साही कुत्रा थांबत नाही. प्रत्येक खेळानंतर कडेवर बोट फिरवा. खरखर लागली तर बारीक सँडपेपरने घासून, धुऊन ठेवा. तडा गेला असेल तर डिस्क फेकून द्या. नव्या डिस्कच्या कडेवर साच्याची बारीक रेघ उरलेली असते, तीही आधी घासून टाका. ही डिस्क संपणारी वस्तू आहे असं मानूनच घ्यावी, आणि एकदम चारपाच सारख्या घ्याव्यात.

चकइट पॅराफ्लाइट

कापडी पोट, रबराची कड. पाण्यावर तरंगते, त्यामुळे तळ्यात किंवा नदीत खेळायला उत्तम. पाण्यात उतरण्याचा हादरा नसतो, म्हणून सांधे दुखणाऱ्या वयस्क कुत्र्यालाही ती चालते. पण मातीच्या मैदानावर आम्ही ती देणार नाही. ओलसर कापडात वाळू अडकते आणि चावताना दातांचा वरचा थर झिजवते, अगदी टेनिसच्या चेंडूप्रमाणे. लाळेने भिजली की जड होते आणि उडणं बिघडतं. वापरून झाल्यावर साध्या पाण्यात खळबळून पूर्ण वाळवावी, नाहीतर वास धरते.

हायपरफ्लाइट जॉझ

२२ सेंटिमीटर, १४५ ग्रॅम. चावऱ्या कुत्र्यासाठी हिला तोड नाही. दात रुततात, पण प्लास्टिक फाटत नाही आणि हलक्या डिस्कची धारदार खरखर इथे बरीच कमी असते. वजनामुळे ती वाऱ्यात स्थिर राहते, लांब जाते आणि फेकही जास्त नेमकी पडते. गुरासारखी जनावरं राखणाऱ्या जातींचे, तुफान वेगाने धावणारे आणि जोरात चावणारे कुत्रे हलकी डिस्क एका खेळात संपवतात. त्यांना हीच द्यावी.

तरीही शिकाऊ कुत्र्याला ती नको. हलक्या डिस्कपेक्षा ती सुमारे तिसऱ्या हिश्शाने जड आहे, तेवढ्याच वेगाने येते आणि शेवटी कमी तरंगते. जवळून, जोरात फेकली तर लागते. थंडीत प्लास्टिक कडक होतं, तेव्हा आणखीच. छोट्या तोंडाच्या कुत्र्याला तिची कड पकडायला जाड पडते. १० किलोच्या आतल्या कुत्र्यासाठी १८ सेंटिमीटरच्या आसपासची हलकी छोटी डिस्क बघा.

जॉझ केव्हा द्यायची? कुत्रा हलकी डिस्क २० मीटरवर, पळता पळता, दहातल्या सातआठ वेळा झेलत असेल तेव्हा. पहिल्या दिवशी दोनतीनच फेकी, तुमच्यापासून दूर जाणाऱ्या, म्हणजे डिस्कचा आणि कुत्र्याचा वेग एकाच दिशेने राहतो आणि धक्का कमी बसतो. समोरून येणाऱ्या कुत्र्याकडे जॉझ कधीही फेकू नका. एखादा कुत्रा तिच्यापुढे मान वळवू लागला तर त्याच क्षणी फ्लायरवर या आणि आठवडाभर घरंगळत्या डिस्कवरच खेळा.

डिस्क कुठलीही असो, मैदान गवताचं, कोरडं, खड्डे नसलेलं हवं. आधी पाचदहा मिनिटं चालणं आणि हलकी दुडकी चाल, मगच फेक. एका वेळी पाचसहा फेकी, मग विश्रांती आणि थोडंथोडं पाणी. पोटभर जेवणानंतर दोन तास तरी खेळ नको: खोल छातीच्या कुत्र्यांमध्ये जठर फुगून पीळ पडण्याचा धोका असतो आणि तो जिवावर बेततो. कुत्र्याला घाम फक्त पंजांतून येतो, बाकी बरीचशी उष्णता धापेवाटे बाहेर पडते. जीभ रुंद होऊन बाहेर लोंबायला लागली, हिरड्या गडद लाल दिसल्या किंवा पावलं अडखळली तर खेळ तिथेच बंद करा, सावलीत न्या, अंगावर पाणी ओता आणि पशुवैद्याकडे निघा. पग, बुलडॉगसारख्या चपट्या नाकाच्या जातींना घरंगळत्या डिस्कच्या पायरीपुढे नेऊच नये, आणि त्यांच्यासाठी या चौघींपैकी फ्लायर एवढीच पुरेशी आहे.