जुन्या ट्रॅक्टरची टूलबॉक्स: दुकानातली तयार घ्यावी की अंबडला बनवून?

तीस-चाळीस वर्षं झालेल्या महिंद्राच्या बी-२७५ वर किंवा मॅसी फर्ग्युसन १०३५ वर कंपनीची टूलबॉक्स सहसा उरलेली नसते. उरली असली तर झाकण तारेने बांधलेलं असतं. मग पाने सीटखालच्या गोणपाटात, लिंच पिना (अवजाराच्या जोडपिना निसटू न देणाऱ्या छोट्या कडीच्या पिना) ड्रायव्हरच्या खिशात आणि ग्रीसगन ट्रॉलीत, असा संसार चालतो. नाशिककरांपुढे दोन वाटा आहेत. ॲक्सेसरीजच्या दुकानातली तयार पत्र्याची पेटी घ्या, नाहीतर अंबड-सातपूर औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या फॅब्रिकेशन शेडमधून मापाची करून घ्या.

तयार पेटीचं थोडक्यात सांगतो. पत्रा बहुधा २० गेजचा, म्हणजे ०.९ मिमी. दोन लहान बिजागऱ्या, एक कडी. गोठ्यात किंवा ट्रॉलीवर ठेवायला ती ठीक. मडगार्डवर बसवली की सात-आठ किलो पाने तळावर आपटत राहतात आणि बोल्टच्या भोकांपासून पत्रा तडकत जातो. भोकाखाली मोठा वायसर टाकल्याने एवढंच होतं की तडा वायसरच्या कडेपासून सुरू होतो.

बनवून घेतलेली पेटी ४५० × १८० × १५० मिमी मापाची धरू. पत्रा १४ गेज, म्हणजे २ मिमी. एवढ्या पेटीला नुसता पत्राच साडेपाच किलो लागतो. बिजागरी, पट्ट्या धरून साडेसहा. बऱ्याच शेडमध्ये मजुरी किलोवर लावतात, त्यामुळे हा हिशोब आधीच करून जा. पावडर कोटिंगचा (भट्टीत पक्क्या केलेल्या पावडर रंगाचा) दर वेगळा विचारा. १६ गेजमध्ये (१.६ मिमी) वजन पाचवा हिस्सा कमी होतं आणि नुसत्या पान्यांसाठी तेही चालतं. पण पेटीत हातोडी, छिन्नी आणि चाकाचा पाना जाणार असेल तर १४ च घ्या.

या पेट्यांचं वेल्डिंग चांगलं असतं, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार तीन गोष्टींची.

पहिली कडी. साधा कडी-कोयंडा आणि कुलूप लावून देतात. हादऱ्यांनी कुलूप दिवसभर खडखडतं आणि महिन्याभरात कोयंड्याच्या भोवतीचा रंग उडवतं. खेचून बसणारी स्प्रिंगची टॉगल कडी मागा. तीही एकच असेल तर झाकणाचं दुसरं टोक उडतं, म्हणून दोन. बिजागरी मात्र एकच, पूर्ण लांबीची पियानो बिजागरी.

दुसरी पाण्याची. झाकणाला चारही बाजूंनी १५ मिमी खाली वळलेली किनार हवी. ती नसेल तर रबर बीडिंग लावूनही पाणी आत येतं. आलेलं पाणी बाहेर जायला तळाच्या कोपऱ्यांत ६ मिमीची दोन भोकं, मडगार्डच्या उताराच्या बाजूला. हे सांगितलं नाही तर कोणी करत नाही. उलट ‘पॅक बंद’ म्हणून कौतुकाने दाखवतात.

तिसरी सर्वांत महागात पडणारी. पेटी कोटिंग करून देतात आणि बसवताना भोकं पाडतात. भोकाच्या कडेला उघडं लोखंड राहतं, गंज तिथून आत शिरतो आणि पावडरचा थर पापुद्र्यासारखा सुटतो. द्राक्षबागेत हे लवकर होतं, कारण ब्लोअरचा (ट्रॅक्टरमागच्या पंख्याच्या फवारणी यंत्राचा) फवारा ट्रॅक्टरच्या अंगावरही बसतो. बोर्डो मिश्रणात, म्हणजे मोरचूद-चुन्याच्या बुरशीनाशकात, चुना कमी पडला की मोरचूद लोखंड खातं. त्यातलं तांबं लोखंडावर बसतं आणि लोखंड विरघळत जातं. म्हणूनच मिश्रण प्लास्टिकच्या ड्रममध्ये करतात. सगळी भोकं आधी पाडून, कडा घासून, मगच कोटिंगला पाठवा. शिवाय फवारणी झाली की पेटीवरही पाणी मारा.

आता जागा. नऊ फुटी ओळींच्या बागेत मडगार्डच्या बाहेर आलेली कुठलीही वस्तू तारेत किंवा काडीत अडकते, म्हणून पेटी मडगार्डच्या आतच मावली पाहिजे. डावा मडगार्ड बरा, उजवीकडे हायड्रोलिकचे लिव्हर असतात. (आपल्याकडे मडगार्ड ही पाहुण्यांची खुर्ची असते. पेटी बसली की ती बंद होते, हा फायदाच समजा.) बॅटरीजवळ पेटी नको. लोंबणारा पाना टर्मिनलला लागला की ठिणगी ठरलेली. गिअरबॉक्सच्या किंवा हायड्रोलिकच्या बॉडीत नवं भोक तर कधीच पाडू नका.

बसवताना १० मिमीचे चार बोल्ट, नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेले, हादऱ्यांनी न सुटणारे). मडगार्डच्या खालून ४० मिमी रुंद, ५ मिमी जाड लोखंडी पट्टी द्या, म्हणजे जोर चार भोकांवर न येता लांबीभर पसरतो. पेटी आणि मडगार्डच्या मध्ये टायरच्या जुन्या फ्लॅपचा तुकडा. बोल्टचं डोकं टायरच्या बाजूला आणि नट पेटीच्या आत ठेवा. उलट केलंत तर बाहेर आलेल्या आट्यांवर काळ्या मातीची ढेकळं थापली जातात आणि पुढच्या वेळी नट कापावा लागतो.

आतल्या मांडणीत तळाला गोठ्यातल्या रबर मॅटचा तुकडा आणि पाने कॅनव्हासच्या गुंडाळीत. सुटे पाने म्हणजे घंटानादच. कुठले पाने, इथे मात्र डोकं लावावं लागतं. बी-२७५ ही इंग्लंडमधल्या इंटरनॅशनल हार्वेस्टरची, महिंद्राकडे १९६३ च्या भागीदारीतून आलेली. तिचे मूळ बोल्ट इंची आणि नंतर बदललेले मिमी, अशी खिचडी असते. ५/८, ३/४, १५/१६ आणि १ १/१६ इंचाला अनुक्रमे १६, १९, २४ आणि २७ मिमीचे पाने चालतात. ७/१६, ९/१६ आणि ११/१६ ला चालत नाहीत. ९/१६ म्हणजे साडेचार सूत, १४.२९ मिमी, त्यावर १४ चा बसत नाही आणि १५ चा कोपरे गोल करतो. इंची मापाचे एवढे तीन पाने वेगळे घ्या. मॅसीवाल्यांसाठी गंमत म्हणजे, १९४६ साली आलेल्या फर्ग्युसन टीई-२० ट्रॅक्टरबरोबरच्या प्रसिद्ध पान्याची टोकं ११/१६ आणि १ १/१६ अशीच होती आणि नांगर लावताना मोजायला त्यावर इंचांच्या खुणाही होत्या.

पिनांसाठी पेटीत वेगळा कप्पा मागा. ट्रॅक्टरमागे अवजार लावायच्या कॅटेगरी एक मापाच्या जोडणीला खालच्या दोन हातांची पिन २२ मिमी आणि टॉप लिंकची (वरच्या मधल्या दांड्याची) १९ मिमी. दोन्हींची एकेक जादा पिन आणि अर्धा डझन लिंच पिना. डिझेल संपून पाइपात हवा धरली तर ती काढताना लागणारे तांब्याचे वायसर एका झाकणाच्या डबीत, ब्लोअरचे नोझल आणि ओ-रिंग दुसऱ्या. फॅन बेल्ट या पेटीत नको. तेल लागून फुगतो आणि दुमडून ठेवला की तडकतो.

ग्रीसगनही बाहेरच, नाहीतर आठवड्यात सगळे पाने बरबटतात. तीन इंची पीव्हीसी पाइपचा तुकडा, खालून टोपी, टोपीला एक भोक, हँडलसाठी उभी खाच. फूटरेस्टच्या आधीच्याच बोल्टला दोन क्लॅम्पने तो उभा बसतो. फॅब्रिकेटर याचा लोखंडी नमुना गळ्यात मारायला बघतात, तो घेऊ नका.

एकूणात मडगार्डवर चौदा-पंधरा किलो येतात. मडगार्डचे स्वतःचे बोल्ट ढिले असतील, किंवा ब्रॅकेटजवळ जुना तडा असेल, तर आधी ते दुरुस्त करा. पेटीची ऑर्डर देताना नुसतं माप सांगू नका. मडगार्डच्या गोलाईचा पुठ्ठ्याचा साचा कापून, त्यावर भोकांच्या खुणा करून न्या. दोन कंपन्यांच्या मडगार्डची गोलाई सारखी नसते, आणि सपाट तळाची पेटी गोल मडगार्डवर आवळली की पहिल्याच दिवशी झाकण वाकडं बसतं.