पावणेदोन लाख किलोमीटर झालेली स्विफ्ट डिझेल आणि रिमॅप: आठ महिन्यांनंतर

आधी गाडीची कुंडली. मारुती स्विफ्ट व्हीडीआय, २०१२ चं मॉडेल, मीटर पावणेदोन लाखांच्या घरात. इंजिन तेच फियाटचं १२४८ सीसी मल्टिजेट, मारुतीच्या भाषेत डीडीआयएस. ताकद ७५ पीएस, टॉर्क म्हणजे ओढ १९० न्यूटन-मीटर. हेच इंजिन टाटा, शेवरोले, फियाट सगळ्यांनी वापरलं, म्हणून गाडीवेड्या मंडळींनी त्याला ‘राष्ट्रीय डिझेल इंजिन’ अशी पदवी देऊन टाकली होती. २०२० मध्ये बीएस-६ आलं आणि मारुतीने डिझेलच बंद केलं. म्हणजे नवीन घ्यायची म्हटली तरी मिळणार नाही.

रोजचा रस्ता नाशिक ते सिन्नर एमआयडीसी. द्वारका, नाशिकरोड, शिंद्याचा टोल, मग मोहदरी घाट. गाडीत बहुधा चौघं, कारण पेट्रोल-डिझेलचा खर्च आम्ही वाटून घेतो. घाटात पुढे कांद्याचा पिकअप किंवा कंटेनर रांगत असला की तिसऱ्यात गाडी ओढेना, दुसऱ्यात टाकली की बोंबलायला लागे. गाडी विकावी तर हातात अडीचेक लाख, आणि तेवढ्यात यापेक्षा बरं काही येत नाही. म्हणून ठरवलं, हिच्यावरच थोडा खर्च करू आणि रिमॅप करू, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरमधली फाईल बदलून ताकद वाढवू. आरसी २०२७ ला संपतेय, पुढे फिटनेस करून पाच वर्षं वाढवायचा विचार आहे. तेव्हा खर्चाची मर्यादाही त्याच हिशेबाने धरली.

रिमॅप करणाऱ्या ट्यूनरकडे गेलो तर त्याने गाडी न बघताच सांगितलं, “साहेब, दोन तासात ९५ पीएस, २४० न्यूटन-मीटर करून देतो.” आमचे गॅरेजवाले चाचा म्हणाले, “पहले जो ७५ है वो तो पूरा है क्या देखो.” या एका वाक्याने पुढच्या सगळ्या कामाचा क्रम ठरला, आणि हा रिव्ह्यू वाचून तुम्ही दुसरं काही केलं नाही तरी एवढं जरूर करा.

७५ पुरे नव्हतेच. टर्बोकडून (हवा दाबून इंजिनात भरणारा पंखा) इंजिनाकडे हवा नेणाऱ्या रबरी होजला खालच्या बाजूने चीर गेली होती, वरून बघून दिसत नव्हती. चाचांनी होज काढून वाकवला तेव्हा सापडली. त्याचं गणित असं: एअर फिल्टरच्या पुढे बसलेला हवा मोजणारा सेन्सर जेवढी हवा मोजतो, त्या हिशेबाने ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, डिझेल सोडतो. मोजलेली हवा मध्येच चिरेतून निसटली, तर डिझेल जास्त नि हवा कमी. गाडी काळा धूर सोडते आणि ओढतही नाही. उलट तो सेन्सरच मळला असेल तर तो हवा कमी दाखवतो, मग ईसीयू हात आखडता घेतो. तेव्हा धूर नाही, पण गाडी मरगळलेली. आमच्याकडे दोन्ही आजार थोडे थोडे होते. सेन्सर त्याच्या खास स्प्रेने साफ केला. कार्ब्युरेटर क्लीनर मारू नका, आतली तार नाजूक असते.

मग ईजीआर (जळालेला थोडा धूर परत इंजिनात फिरवणारा व्हॉल्व्ह) आणि इनटेक मॅनिफोल्ड (सिलिंडरांकडे हवा नेणारी वाट). हे काढलेलं ज्यांनी पाहिलं नाही त्यांनी एकदा गॅरेजमध्ये उभं राहून बघावंच. सायलेन्सरकडून परत फिरवलेली काजळी आणि क्रॅंककेसमधून येणारी तेलाची वाफ एकत्र येऊन आत डांबरासारखा थर जमतो. आमच्या मॅनिफोल्डच्या तोंडात बोट कसंबसं जात होतं. ट्यूनरचा सल्ला होता ईजीआर कायमचा बंद करून टाकायचा, सॉफ्टवेअरमधून चुटकीसरशी होतं. मी नाही म्हटलं. ईजीआर नायट्रोजन ऑक्साइड कमी करण्यासाठी असतो, आणि पीयूसीवाल्याचं यंत्र डिझेलचा फक्त धूर मोजतं म्हणून बाकीचं सोडून द्यायचं, हे मला पटत नाही. साफ करून परत बसवला.

सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या इंजेक्टरची रिटर्न टेस्ट द्वारकेजवळच्या डिझेल पंप-इंजेक्टर दुरुस्त करणाऱ्याकडे केली. चारही इंजेक्टरच्या परतीच्या नळ्या चार बाटल्यांत सोडायच्या, इंजिन चालू ठेवायचं, आणि कुठली बाटली लवकर भरते ते बघायचं. एक बाटली बाकीच्यांच्या दुप्पट भरली. तो इंजेक्टर दुरुस्त करून घेतला, उरलेले तिघं कॅलिब्रेट केले. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा किती दाबली जाते ते, चारही सिलिंडरचं जवळजवळ सारखं आलं. ते एकात जरी पडलेलं असतं तर सगळा बेत तिथेच गुंडाळला असता. पिस्टनच्या थकलेल्या रिंगांवर जादा बूस्ट (टर्बोच्या हवेचा दाब) टाकण्यात अर्थ नाही.

एवढं झाल्यावर, रिमॅप न करता, गाडी महिनाभर चालवली. खरी गंमत इथे आहे. टाकी ते टाकी मोजलेलं ॲव्हरेज साडेसोळावरून एकोणीसच्या आसपास आलं. एआरएआय या गाड्या तपासणाऱ्या संस्थेचा आकडा २२.९ आहे, तो प्रयोगशाळेतला, त्याच्याशी तुलना करत बसू नका. मोहदरी घाट चौघांसकट तिसऱ्यात निघायला लागला. शेजारच्या सीटवरचा सहकारी म्हणाला, “केलं वाटतं रिमॅप?” आतापर्यंतचा सगळा खर्च पंचवीस हजारांच्या आत होता आणि एक रुपयाही ‘परफॉर्मन्स’ या नावाखाली गेलेला नव्हता.

बरेच जण इथेच थांबले तरी चालेल. मी थांबलो नाही.

रिमॅपच्या आधी क्लच. जुना घसरत नव्हता, पण पेडल वर आलं होतं, आणि टॉर्क वाढवला की पहिला बळी त्याचाच जातो: चौथ्या-पाचव्यात पाय दाबला की आरपीएम पळतो, गाडी नाही. प्रेशर प्लेट, क्लच प्लेट, बेअरिंग, असा पूर्ण सेट मजुरीसकट बारा हजारांच्या आसपास. सोबत इंजिनाचे माउंटिंग बदलले. त्याने पॉवर वाढत नाही, पण सिग्नलला स्टिअरिंगची थरथर गेली आणि घरच्यांना सगळ्या कामातलं फक्त हेच जाणवलं.

आता रिमॅप. बाजारात दोन वाटा आहेत. एक ट्यूनिंग बॉक्स. तो रेल प्रेशर सेन्सर (इंजेक्टरकडे जाणाऱ्या डिझेलचा दाब मोजणारा) नि ईसीयूच्या मध्ये बसतो, दाब आहे त्यापेक्षा कमी आहे असं ईसीयूला भासवतो, आणि ईसीयू बिचारा दाब वाढवत जातो. काढ-घाल सोपी, पण हवेचा हिशेब न बदलता नुसतं डिझेल वाढतं. जुन्या पंप-इंजेक्टरवर मला ते नको होतं. दुसरी वाट ईसीयूमधली फाईलच बदलायची, म्हणजे बूस्ट, डिझेल, टॉर्क मर्यादा, धुराची मर्यादा सगळं एकमेकांना धरून. मी ही घेतली, अठरा हजार. मूळ फाईल पेनड्राइव्हवर मागून घेतली. ट्यूनर का-कू करत असेल तर तिथून उठा.

पहिली फाईल मला आवडली नाही. १७०० आरपीएमला पाय दिला की आरशात काळा ढग. या गाडीचा टर्बो साधा, स्थिर भूमितीचा, म्हणजे पात्यांचा कोन न बदलणारा. खालच्या आरपीएमला एक्झॉस्टचा जोरच नसतो, टर्बो फिरत नाही, तर हवा येणार कुठून? तिथे डिझेल वाढवून फक्त धूर होतो, शिवाय कमी आरपीएमवरचा मोठा टॉर्क कनेक्टिंग रॉड आणि क्लचला सगळ्यात जास्त मारतो. ट्यूनरला सांगून २००० च्या खालचा भाग जवळजवळ कंपनीसारखा ठेवला, कमाल टॉर्कही थोडा उतरवला. दुसऱ्या फाईलवर गाडी आजतागायत आहे. किती पीएस झाले? डायनोवर, म्हणजे ताकद मोजणाऱ्या यंत्रावर नेलेली नाही, त्यामुळे आकडा सांगत नाही.

फरक २००० ते ३५०० मध्ये. चौथ्यातून ओव्हरटेक करताना तिसऱ्यात उतरावं लागत नाही, हा रोजच्या चालवण्यातला खरा फायदा. सिन्नरजवळच्या गोंद्याहून समृद्धी महामार्गावर चढून १२० ला एसीसकट गाडी निवांत राहते, चढाला वेग पडत नाही. टर्बो लॅग, म्हणजे पाय दिल्यावर टर्बोला जागं व्हायला लागणारा वेळ, मात्र गेलेला नाही. जो तुम्हाला ‘लॅग संपवून देतो’ म्हणेल त्याला विचारा, टर्बो बदलणार का? ॲव्हरेज पूर्वीसारखाच पाय ठेवला तर अर्ध्या किलोमीटरने वाढलं, आणि मजा करायला गेलं तर दीडने उतरलं. माझं बहुतेक वेळा दुसरं होतं.

काही गोष्टी विचारपूर्वक घेतल्या नाहीत. तेल लावलेला कापडी फिल्टर: या टर्बो डिझेलला मूळ कागदी फिल्टर पुरतो, नाशिक-सिन्नरची धूळ त्यात जास्त नीट अडते, आणि जादा तेल सेन्सरवर जाऊन बसतं. फ्री-फ्लो सायलेन्सर: आवाज जास्त, पोलिसांचं लक्ष त्याहून जास्त. सियाझ-एर्टिगाच्या ९० पीएसवाल्या इंजिनाचा व्हीजीटी, म्हणजे बदलत्या भूमितीचा टर्बो: त्याला ईसीयू, वायरिंग सगळं लागतं, खर्च गाडीच्या किमतीच्या अंगावर येतो. इंजिन फ्लश तर जुन्या इंजिनात नकोच, सुटलेला गाळ ऑइल पंपाच्या जाळीत अडकला तर संपलं.

तेलाबद्दल. या इंजिनाला टायमिंग चेन आहे, बेल्ट नाही, आणि चेन ताणून धरणारा टेन्शनर तेलाच्या दाबावर चालतो. तेल जुनं झालं, पातळी उतरली की पहिला फटका चेनला. मी आता १०,००० ऐवजी ७,००० ला फुल सिंथेटिक बदलतो, आणि थंडीत पहाटे स्टार्ट करताना पुढून खडखड येते का ते कान देऊन ऐकतो. घाट चढून आल्यावर बंद करण्याआधी मिनिटभर आयडल. टर्बोच्या शाफ्टला किंचित खेळ आहे, रिमॅपच्या आधी होता तेवढाच. दोन तेल बदलींच्या मध्ये अर्धा लिटरच्या आत टॉपअप लागतो.

कायद्याचं सांगायला हवं. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की कंपनीच्या मूळ तपशिलांशी न जुळणारा बदल गाडीत करता येत नाही. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या १८२-अ कलमात विनापरवाना बदलाला प्रत्येकी ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही आहे. ‘रिमॅप त्यात बसत नाही’ म्हणणारे ट्यूनर पुष्कळ, लेखी देणारा एकही नाही. विम्यालाही बदल कळवावा लागतो, नाहीतर क्लेमच्या वेळी तोंडघशी पडाल. पीयूसीत बीएस-४ डिझेलला धुराच्या आकड्याची १.६२ ही मर्यादा आहे, माझी गाडी निम्म्याच्या जरा वर येते. पहिल्या फाईलवर काय आली असती कोण जाणे.

रिमॅपनंतर सगळ्यात आधी पैसे गेले ते टायर आणि ब्रेक पॅडना. व्हीडीआयचे १६५/८० आर १४ टायर बारीकच आहेत, पावसाळ्यात घाटात दुसऱ्यात जोर दिला की पुढची चाकं फिरायला लागली. चांगल्या कंपनीचे त्याच मापाचे चार नवे घातले. रुंद टायरचा मोह टाळला, स्टिअरिंग जड होतं आणि ॲव्हरेज खातं.

स्विफ्ट पेट्रोलवाले दोघं-तिघं विचारत होते. तुमच्या के-सिरीज पेट्रोल इंजिनाला टर्बो नाही, रिमॅपने हाती लागेल ते चार-पाच पीएस, तेही वरच्या आरपीएमला. स्पार्क प्लग, कॉइल, थ्रॉटल बॉडीची सफाई, क्लच बघून घ्या आणि रिमॅपचे पैसे टायरला ठेवा.